पाणसुरुंग काढणाऱ्या नौकांचा तळ कोठें असावा?

१९१७ सालच्या जून महिन्याची २३ तारीख. कोंकणपट्टींत पावसाळा लागला होता. पी. अँड ओ. कंपनीची 'मंगोलिया' ही टपालाची मोठी आगबोट विलायतेहून उतारू घेऊन मुंबईकडे येत होती. मुंबई पन्नासएक मैलांवर राहिली असतां तिच्या तळाशीं स्फोट झाला, आणि थोड्याच वेळांत ती समुद्राच्या पोटांत गेली. तेवीस माणसें प्राणास मुकलीं. नवल हें कीं, तिला बुडविणारा शत्रु त्या दिवशीं त्या समुद्रांत नव्हताच. 'वुल्फ' नांवाची जर्मन आगबोट साध्या व्यापारी जहाजाचा वेष घेऊन फेब्रुवारींत मुंबईच्या पाण्यांतून गुपचूप गेली, जातां जातां पाणसुरुंग टाकून गेली, आणि जूनमध्यें तर ती न्यूझीलंडच्या बाजूस जाऊन पोंचली होती. पेरणारा चार महिन्यांपूर्वींच निघून गेला, आणि पीक असें हातीं आलें!

पाणसुरुंग ह्या शस्त्राचा सारा स्वभाव ह्या एका घटनेंत दिसतो. तो कोणाचा पाठलाग करीत नाहीं. त्याला घाई नाहीं, झोंप नाहीं, आणि शत्रु कोण व परका उतारू कोण हा विवेक तर मुळींच नाहीं. टाकणारास तो स्वस्त पडतो. काढणारास मात्र तो फार महाग पडतो. म्हणूनच समुद्राशीं ज्यांचा संबंध आहे अशा प्रत्येक राष्ट्राला सुरुंग काढणाऱ्या लहान लहान नौका पाळाव्या लागतात. त्या कशा असाव्यात ह्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण त्या रोज रात्रीं कोणत्या बंदरांत नांगर टाकतात, म्हणजे त्यांचें बिऱ्हाड कोठें आहे, हा प्रश्न दिसण्यांत कारकुनी वाटला तरी परिणामांत अत्यंत मोठा आहे. आज आम्ही त्याचाच विचार वाचकांपुढें मांडणार आहों.

"हा विषय दर्यावर्दी लोकांचा, आम्हां घरबशांचा त्याच्याशीं काय संबंध?" असें कोणी वाचक म्हणेल, आणि त्याहूनहि अधिक स्पष्टपणें एखादी वाचक भगिनी म्हणेल. त्यांना आमचें नम्रपणें एवढेंच सांगणें आहे कीं, आपल्या चुलीवर जो वायु जळतो त्याचा फार मोठा भाग इराणच्या आखातांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनींतून, जहाजांत भरून येतो. वाहनांत घालण्याच्या तेलाचीहि तीच वाट. त्या वाटेवर कोणी दहा-वीस सुरुंग टाकले, किंवा नुसते टाकल्याची आवई उठविली, तरी त्याची झळ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोंचल्याशिवाय राहणार नाहीं. शिवाय व्यापारी जहाजांवर नोकरीस असलेलीं मुलें आतां आपल्या मध्यमवर्गीय घरांतूनहि कांहीं थोडीं नाहींत. ज्या घरचा मुलगा समुद्रावर आहे, त्या घराला हा प्रश्न परका नाहीं.

प्रथम हें काम कसें चालतें तें थोडक्यांत पाहूं. जुन्या तऱ्हेचा सुरुंग म्हणजे दारूनें भरलेला लोखंडी गोळा. तो साखळीनें किंवा दोरानें तळाशीं बांधलेला असून पाण्याच्या पृष्ठभागाखालीं तरंगत असतो. त्याला जहाजाचा धक्का लागला कीं तो फुटतो. असले सुरुंग काढण्यासाठीं नौका आपल्या मागें लांब पोलादी दोर सोडून फिरते. दोरास लावलेल्या कातरींत सुरुंगाची दोरी सांपडली म्हणजे ती तुटते, गोळा वर येतो, आणि मग दुरून गोळी घालून त्याचा नाश करतात. पुढें ह्याहून कपटी जात निघाली. ती तळाशीं पडून राहते, आणि वरून जाणाऱ्या जहाजाचें चुंबकत्व, यंत्राचा आवाज किंवा पाण्याचा बदललेला दाब ओळखून फुटते. तिच्यासाठीं ध्वनिलहरींनीं समुद्राचा तळ वीत वीत चांचपावा लागतो, संशय आला तेथें पाणबुड्या किंवा दोरीस बांधलेलें यंत्र पाठवावें लागतें, आणि सांपडलेली वस्तु सुरुंग आहे कीं कोणीं टाकलेलें पिंप आहे, ह्याचा निर्णय करावा लागतो.

ह्या कामामुळें त्या नौकांची घडणहि निराळी असते. लोखंडाचें चुंबकत्व नको म्हणून त्या लाकडाच्या किंवा कांचतंतूंच्या करतात. अमेरिकेनें १९८७ ते १९९४ ह्या काळांत ताफ्यांत घेतलेल्या 'ॲव्हेंजर' जातीच्या चौदा नौका ओक, फर व सीडर ह्यांच्या लाकडाच्या होत्या, आणि वरून त्यांस कांचतंतूंचें कवच चढविलेलें होतें. त्यांची अधिकांत अधिक गति ताशीं १४ सागरी मैल. लढाऊ जहाजें ताशीं तीस मैल धांवतात, त्यांच्याशीं ह्यांची बरोबरी कशी व्हावी! आतां सोपें गणित करा. दहा हजार सागरी मैल जावयाचें आहे आणि वेग ताशीं दहा मैल आहे असें धरलें, तर एक हजार तास, म्हणजे जवळजवळ ४२ दिवस लागतात; वाटेंत तेलपाण्यासाठीं मोडणारे दिवस निराळेच. सुरुंग टाकणाराला एक रात्र पुरते. तेव्हां मंदगति रक्षकानें कोठें राहावें हा प्रश्न त्याच्या कर्तृत्वाचा अर्धा हिस्सा होऊन बसतो. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें आपण म्हणतों. येथें विहीर खणलेली आहे, पण ती दुसऱ्या गांवीं आहे, अशी अवस्था होते.

ह्या नौकांवर तीन जणांचा हक्क असतो, आणि ते तिघेहि आपापल्या परीनें खरे असतात. पहिला हक्क घरच्या दाराचा. आपल्याच बंदराच्या तोंडाशीं सुरुंग पडले, तर सारें आरमार कोंडलें जातें. म्हणून नौका आपल्या बंदरांत असाव्यात. दुसरा हक्क दूरच्या नाक्याचा. ज्या सामुद्रधुनींतून आपला व्यापार चालतो, तेथें सुरुंग पडण्याचा संभव सर्वांत अधिक. म्हणून नौका तेथें असाव्यात. तिसरा हक्क शाळेचा. ही विद्या अवघड आहे, ती जाणणारे थोडे आहेत. म्हणून नौका, शिक्षक, हेलिकॉप्टरें व कारखाने एकाच ठिकाणीं असले तर विद्या वाढेल. तिघांना पुरतील इतक्या नौका कोणत्याहि राष्ट्राजवळ नसतात. एकत्र कुटुंबांत एकच गाय असावी, आणि बाळंतीण, म्हातारे व शाळेंत जाणारीं मुलें ह्या तिघांना दूध हवें असावें, तसाच हा प्रकार आहे.

घरच्या दाराचा हक्क इंग्रजांनीं चांगला सांभाळला. १९०७ सालीं लॉर्ड चार्लस बेरेसफर्ड ह्या दर्यासारंगाच्या असें ध्यानांत आलें कीं, ग्रिम्सबीसारख्या बंदरांतील मासेमारीच्या आगबोटी समुद्राच्या तळावरून जाळें ओढीतच असतात. सुरुंग काढण्याचें काम त्याहून फारसें भिन्न नाहीं. त्याप्रमाणें १९१० पासून कोळ्यांची राखीव तुकडी उभी राहिली, आणि पहिल्या महायुद्धांत ह्या आगबोटींनीं आपल्या किनाऱ्यावरच्या जहाजवाटा रोजच्या रोज झाडून ठेवल्या. ह्यांत शौर्य होतेंच, पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, ते लोक आपल्याच पाण्यांत काम करीत होते. तेथील भरती-ओहोटी, वाळूचे दांडे आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडे त्यांना आपल्या अंगणासारखे परिचित होते.

त्याच कोळ्यांना १९१५ च्या वसंतांत डार्डानेल्सच्या सामुद्रधुनींत नेलें, तेव्हां काय झालें पाहा. माणसें तींच, आगबोटी तशाच. पण पाणी परकें. मार्मरा समुद्राकडून येणारा जोराचा प्रवाह समोरून आदळे, त्यामुळें आगबोटींची चाल माणसाच्या चालीइतकी मंद होई. रात्रीं तुर्कांचे प्रकाशझोत आणि किनाऱ्यावरच्या तोफा त्यांना उघडें पाडीत. सुरुंगांच्या मुख्य रांगा तशाच राहिल्या. इतक्यांत 'नुसरत' नांवाच्या एका लहानशा तुर्की बोटीनें ८ मार्चच्या पहांटे २६ सुरुंग, कोणाला संशयहि येणार नाहीं अशा जागीं, किनाऱ्यास समांतर टाकून ठेविले. १८ मार्च रोजीं फ्रेंचांची 'बूव्हे' आणि इंग्रजांच्या 'इरेझिस्टिबल' व 'ओशन' ह्या तीन प्रचंड युद्धनौका बुडाल्या. एकट्या 'बूव्हे'बरोबर सहाशेंहून अधिक माणसें कांहीं मिनिटांत गेलीं. घरच्या दारीं शिकलेली विद्या परक्या दारीं जशीच्या तशी चालत नाहीं, हा धडा फार महाग मिळाला.

दूरच्या नाक्याचा हक्क न सांभाळल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण १९५० सालच्या कोरियांत मिळतें. दुसरें महायुद्ध संपतांच अमेरिकेनें आपल्या सुरुंग काढणाऱ्या नौका मोठ्या प्रमाणावर मोडीत काढल्या किंवा बांधून ठेवल्या होत्या. ऑक्टोबरांत पूर्व किनाऱ्यावरील वोन्सान बंदरांत सैन्य उतरवावयाचें ठरलें, आणि मग कळलें कीं, त्या उपसागरांत रशियन बनावटीचे सुमारें तीन हजार सुरुंग साध्या होड्या-पडावांतून टाकलेले आहेत. काढावयास मूठभर नौका. १२ ऑक्टोबर रोजीं त्यांपैकीं 'पायरेट' व 'प्लेज' ह्या दोन नौका सुरुंगांनींच बुडाल्या. सुमारें अडीचशें जहाजांचा ताफा दाराबाहेर येरझारा घालीत बसला. तोंपर्यंत दक्षिण कोरियाच्या सैन्यानें खुष्कीच्या मार्गानें येऊन तें बंदर घेऊनहि टाकलें. इतकेंच नव्हे तर बॉब होप हा हास्यनट आपल्या मंडळीसह विमानानें तेथें पोंचला आणि करमणुकीचा कार्यक्रमहि झाला, तरी जे सैनिक जिंकावयास आले होते ते अजून जहाजांतच होते! ज्या राष्ट्राजवळ आरमार नाहीं त्यानें जगांतील सर्वांत मोठ्या आरमाराला अडवून धरलें, अशी कबुली त्या ताफ्याच्या एका सेनापतीस द्यावी लागली.

ह्या प्रसंगीं मदतीला धांवले कोण? जपानी! १९४५ सालीं अमेरिकन विमानांनीं जपानच्या बंदरांभोंवतीं बारा हजारांवर सुरुंग टाकले होते. युद्ध संपलें तरी ते पाण्यांत होतेच. म्हणून जपानचें आरमार मोडलें गेल्यावरहि त्याच्या सुरुंग काढणाऱ्या लहान तुकड्या तेवढ्या कामावर राहिल्या होत्या. पांच वर्षें त्या आपलीं बंदरें निवळीत होत्या. कोरिया तेथून हांकेच्या अंतरावर. ऑक्टोबर १९५० मध्यें त्यांतील कांहीं बोटी गुप्तपणें वोन्सानला नेण्यांत आल्या. त्यांतली एक १७ तारखेस बुडाली आणि तिच्यावरील एक मनुष्य दगावला. ही गोष्ट पुढें बरींच वर्षें उघड बोलली गेली नाहीं. पण आमच्या विषयाला तिचें महत्त्व आहे. आपलें अंगण रोज झाडणारा जो होता, आणि जो शेजारींच राहत होता, तोच उपयोगीं पडला.

इतकें होऊनहि माणूस विसरतो. १९८७ च्या जुलैंत 'ब्रिजटन' हें प्रचंड तेलवाहू जहाज अमेरिकन युद्धनौकांच्या संरक्षणाखालीं इराणच्या आखातांतून जात असतां सुरुंगावर आदळलें. सुरुंग काढणाऱ्या नौका जवळ नव्हत्या. परिणाम असा झाला कीं, ज्यांनीं रक्षण करावयाचें त्या युद्धनौका त्या जखमी जहाजाच्या मागें ओळीनें चालूं लागल्या. कारण तेलवाहू जहाजाचें अंग जाड, आणि त्यांचें पातळ! पुढें ऑगस्ट १९९० मध्यें इराकनें कुवेत घेतलें, तेव्हां अमेरिकेच्या चार नौका आपल्या पायांनीं जातील तर फार वेळ लागेल म्हणून 'सुपर सर्व्हंट' नांवाच्या एका मोठ्या डच जहाजाच्या पाठीवर चढवून नेल्या. हें जहाज आपलें अंग पाण्याखालीं बुडवितें, नौका त्यावर तरंगत येऊन बसतात, आणि मग तें वर उठतें. आई मुलाला कडेवर घेते तसाच हा देखावा. तरीहि आखातांत पोंचावयास ऑक्टोबर उजाडला. मधल्या अवधींत इराकनें हजाराहून अधिक सुरुंग टाकण्याचा उद्योग चालविला होता. १८ फेब्रुवारी १९९१ रोजीं कांहीं तासांच्या अंतरानें 'ट्रिपोली' व 'प्रिन्स्टन' ह्या दोन अमेरिकन युद्धनौका सुरुंगांनीं जखमी झाल्या. ह्यांतील 'ट्रिपोली' ही तर सुरुंग काढणाऱ्या हेलिकॉप्टरांनाच वाहून नेत होती.

आतां शाळेच्या हक्काकडे वळूं. टेक्सास प्रांतांत कॉर्पस क्रिस्टी नांवाच्या उपसागराच्या कांठीं इंगलसाइड म्हणून एक गांव आहे. १९८० नंतरच्या दशकांत तेथें 'विस्कॉन्सिन' ह्या युद्धनौकेसाठीं नवा तळ बांधावयास घेतला. तो पुरा होतो न होतो तोंच रशियाशीं चाललेली चढाओढ संपली आणि ती युद्धनौका निवृत्त झाली. मांडव तयार, पण नवरदेव नाहीं! तेव्हां १९९२ सालीं उघडलेल्या ह्या तळावर सुरुंग काढणाऱ्या नौका आणून ठेविल्या. जवळच कॉर्पस क्रिस्टी येथें त्यांचा सेनापति आणि हेलिकॉप्टरांची तुकडी. अशा रीतीनें इतिहासांत प्रथमच ही उपेक्षित विद्या एका छपराखालीं आली. नौकेवरचा खलाशी, विमानांतला वैमानिक आणि शाळेंतला शिक्षक एकमेकांना रोज भेटूं लागले.

पण ह्या शाळेंत एक व्यंग होतें. तेथून होर्मुझ दूर, कोरिया दूर, आणि स्वतःच्या आरमाराचीं मोठीं ठाणीं नॉरफोक व सॅन डिएगो हींहि दूर. २००५ सालीं अनावश्यक तळ बंद करण्यासाठीं नेमलेल्या आयोगापुढें हा प्रश्न आला. टेक्सासच्या लोकांचें म्हणणें असें कीं, जमलेलें कुटुंब मोडूं नका. शिवाय मेक्सिकोच्या आखातांतील बंदरांचें रक्षण कोण करील? आरमाराचें म्हणणें असें कीं, एकाच जातीच्या नौकांसाठीं सबंध तळ पोसणें परवडत नाहीं. आणि सुरुंग काढणारे जर बाकीच्या ताफ्याबरोबर राहिले व सराव करूं लागले, तर ताफ्यालाहि त्यांची किंमत कळेल. दोन्ही बाजूंत तथ्य होतें. अखेर काटकसरीनें बाजी मारली. नौका सॅन डिएगोस गेल्या, हेलिकॉप्टरें नॉरफोकला गेलीं, आणि २०१० सालीं इंगलसाइडच्या दारास कुलूप लागलें. दैवाचा खेळ असा कीं, पुढें त्याच जागेवर खनिज तेल परदेशीं पाठविण्याचें मोठें बंदर झालें. जेथून सुरुंग काढणारे गेले, तेथून आतां सुरुंगांना भिणारीं तेलवाहू जहाजें निघतात!

आमच्या मतें ह्या निर्णयांतील खरी उणीव निराळीच होती. सॅन डिएगो काय किंवा इंगलसाइड काय, दोन्ही ठिकाणांहून होर्मुझ सारखेंच आवाक्याबाहेर. सॅन डिएगोहून तर तें दहा हजार सागरी मैलांहून अधिक दूर पडतें. म्हणजे भांडण घरांतल्या दोन खोल्यांचें होतें, आणि आग लागण्याचा संभव होता तो तिसऱ्या गांवीं. ती उणीव भरून काढण्यासाठींच १९९० नंतर कांहीं नौका जपानांतील सासेबो येथें आणि कांहीं इराणच्या आखातांत बहरीन येथें कायम ठेवण्याची व्यवस्था झालेली होती. तिचा लाभ २००३ सालीं दिसला. इराकवर स्वारी झाली तेव्हां उम्म कस्र बंदराकडे जाणारी खाडी सुरुंगरहित करण्याचें काम हातीं घ्यावयास बहरीनच्या अमेरिकन नौका व इंग्रजांच्या नौका जवळच तयार होत्या. मार्चच्या २० तारखेस युद्ध पेटलें, आणि २८ तारखेस 'सर गॅलाहॅड' हें जहाज अन्नपाणी घेऊन त्या बंदरांत लागलें. आठ दिवस! १९९० च्या कडेवरच्या प्रवासाशीं हे आठ दिवस ताडून पाहावेत. ह्या कामीं सॅन डिएगोहून शिकविलेले डॉल्फिन मासेहि विमानानें आणले होते. ह्यावरून जें विमानांत मावतें त्याचें घर कोठेंहि चालतें, पण जें मावत नाहीं त्याचें घर विचारानें ठरवावें लागतें, हें स्पष्ट होतें.

मात्र धोक्याच्या दारांत बिऱ्हाड करणें ही कांहीं निव्वळ सुखाची गोष्ट नव्हे. बहरीन हें होर्मुझच्या आंतल्या अंगास आहे. सामुद्रधुनी बंद झाली तर तेथील नौका आंत कोंडल्या जातात. शत्रूचीं अस्त्रें पहिल्याच दिवशीं त्या धक्क्यावर पडूं शकतात. उन्हाळा असा कीं माणूस हैराण होऊन जातें. शिवाय खलाशांच्या बायकामुलांचा प्रश्न आहेच. २००४ सालीं धोक्याची सूचना मिळतांच बहरीनमधील अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांना परत जाण्याची आज्ञा झाली होती. त्यांच्या दुःखाचा हिशेब कोणत्याहि नकाशावर दिसत नाहीं. पण तळ कोठें असावा हें ठरविणारानें तोहि मांडावयास हवा, असें आम्हांस वाटतें. पहारेकऱ्यानें उंबरठ्यावर निजावें हें योग्यच. पण त्याच्या मुलांची सोय घरधन्यानें आंत केली पाहिजे.

अलीकडे असें म्हणणारे पुष्कळ निघाले आहेत कीं, मनुष्यरहित होड्या व पाण्याखालीं फिरणारीं यंत्रें आल्यावर हा वाद उरलाच कोठें? यंत्रें पेट्यांत भरावीं, विमानांत घालावीं, आणि हवीं तेथें उतरवावीं. २०२५ सालीं बहरीनच्या चारहि जुन्या लाकडी नौका निवृत्त झाल्या, आणि त्यांचें काम नव्या जातीच्या जहाजांवर व यंत्रांवर सोंपविण्यांत आलें. ह्या सुधारणेचें आम्ही स्वागतच करतों. कारण ज्या कामांत मनुष्याऐवजीं यंत्र मरूं शकतें, तेथें मनुष्य पाठवूं नये. परंतु यंत्र पेटींत भरतां आलें तरी ओळख पेटींत भरतां येत नाहीं.

ही ओळख म्हणजे काय, तें एकदां नीट सांगितलें पाहिजे. कारण आमच्या विवेचनाचें सार तेंच आहे. सुरुंग काढणाऱ्या नौकेचें शांततेच्या काळांतील मुख्य काम म्हणजे जहाजवाटेच्या तळाची पाहणी करून ठेवणें. कोठें तुटलेला नांगर आहे, कोठें पिंप पडलें आहे, कोठें खडक सुरुंगासारखा दिसतो, कोणत्या ऋतूंत गाळ कोठें सरकतो, ह्याची नोंद वर्षानुवर्षें ठेवावी लागते. घरांतील सासूबाईंना जसें अंधारांतहि फडताळांतलें भांडें हलवलेलें कळतें, तसें ह्या पाहणी करणाराला तळावरची एक नवी वस्तु चटकन कळते. ज्याच्याजवळ अशी नोंद आहे तो फक्त नव्या वस्तु तपासतो. ज्याच्याजवळ नाहीं, त्याला प्रत्येक पिंपापुढें थांबून प्राण मुठींत धरावे लागतात. दिवस आणि आठवडे ह्यांतील भेद येथें पडतो. ही नोंद त्या पाण्यावर राहूनच तयार होते, पाहुणचारास येऊन होत नाहीं.

ह्या दृष्टीनें आपल्या देशाकडे पाहिलें पाहिजे. स्वातंत्र्यानंतर भारताच्या आरमारानें ह्या कामासाठीं नौका घेतल्या, त्यांस किनाऱ्यावरील गांवांचीं नांवें देण्याची सुंदर प्रथा पाडली. आरंभींच्या एका लहान नौकेचें नांव 'बसीन', म्हणजे आपली वसई. पुढें १९७८ ते १९८८ ह्या काळांत रशियांत बांधलेल्या बारा नौका आल्या. त्यांत एक 'रत्नागिरी' होती व एक 'कोंकण' होती. पश्चिमेस मुंबई आणि पूर्वेस विशाखापट्टण हीं त्यांचीं ठाणीं. ह्या नौका वृद्ध होऊन एकेक करीत निवृत्त झाल्या, आणि २०१९ सालीं शेवटची 'कोळिकोड' गेली. गोव्याच्या जहाजकारखान्यांत कोरियन कंपनीच्या साह्यानें बारा नव्या नौका बांधण्याचा बेत होता. पण दीर्घ वाटाघाटींनंतर तो २०१८ सालीं सोडून देण्यांत आला. जुलै २०२५ मध्यें संरक्षण-खरेदीच्या परिषदेनें अशा नौकांची आवश्यकता पुन्हां मान्य केली. मान्यता आणि नौका ह्यांच्या मध्यें किती वर्षें जातात, हें ज्यांनीं सरकारी कामें पाहिलीं आहेत त्यांस सांगणें नको.

नव्या नौका येतील तेव्हां त्या ठेवावयाच्या कोठें, ह्याचा विचार आजच झालेला बरा. आमचें मत आम्ही थोडक्यांत सांगतों. शाळा एक असावी, आणि ती एकाच जागीं स्थिर असावी; कारण विद्या वारंवार बिऱ्हाड बदलून वाढत नाहीं. मोठ्या नौका पूर्व व पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर विभागून असाव्यात. कारण लंकेला वळसा घालून एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्यांतच बहुमोल दिवस जातात. परंतु प्रत्येक मोठ्या बंदराच्या तोंडाशीं तळाची पाहणी करणाऱ्या लहान होड्या व यंत्रें कायम असावींत, आणि तें काम त्याच बंदरांत वाढलेल्या, तेथील पाणी जाणणाऱ्या माणसांकडे असावें. ग्रिम्सबीच्या कोळ्यांनीं जें आपल्या देशासाठीं केलें, तें मुंबई-रत्नागिरीच्या कोळ्यांना, योग्य शिक्षण मिळाल्यास, कां करतां येऊं नये? दर्याच्या तळाची खबर त्यांच्या जाळ्यांना आपल्या नकाशांपेक्षां अधिक असते.

ह्यावर खर्चाचा आक्षेप येईल. बंदरोबंदरीं माणसें पोसावयाचीं, आणि सुरुंग तर कोणी टाकलेला नाहीं! हा आक्षेप इंगलसाइडच्या वेळीं आला, वोन्सानच्या पूर्वीं आला, आणि प्रत्येक वेळीं तो शांततेच्या काळांत बिनतोड वाटला. केरसुणीचा खर्च हा नेहमींच फुकट गेल्यासारखा दिसतो, कारण घर स्वच्छ असतें. पण तें स्वच्छ कां आहे, हें घरची बाई जाणते.

'मंगोलिया' ज्या पाण्यांत बुडाली, त्याच पाण्यांतून आज मुंबईस व न्हावाशेव्यास येणाऱ्या जहाजांची रीघ लागलेली असते. त्यांच्यावर कोणाचा मुलगा असतो, कोणाचा जांवई असतो, आणि पोटांत आपल्या चुलीचा वायु असतो. त्यांच्याखालच्या तळाची ओळख ठेवणारा कोणी तरी तेथेंच, किनाऱ्यालगत, रात्रंदिवस वस्तीस असावा, एवढीच आमची मागणी आहे. 'वुल्फ'नें सुरुंग टाकल्यापासून 'मंगोलिया' बुडेपर्यंत चार महिने गेले होते. तितक्या अवधींत ती वाट झाडून काढतां आली असती. झाडणारा तेथें असावयास हवा होता.